डॅशबोर्डवरची दोन भोके

दसरा होऊन आठवडा झाला होता. कोल्हापूरच्या आमच्या घराच्या अंगणात पत्र्याची शेड आहे. तिच्यातल्या बाबांच्या फियाटवरून ताडपत्री ओढून काढली तेव्हा उडालेली धूळ बराच वेळ उन्हाच्या तिरिपेत तरंगत राहिली. जुन्या मोटारींची किंमत ठरवून देणारा एक तरुण पुण्याहून आला होता. त्याने खिशातून लोहचुंबक काढले, मऊ फडक्यात गुंडाळले आणि गाडीच्या अंगावरून अगदी हळू फिरवायला सुरुवात केली. पत्रा शाबूत असेल तिथे चुंबक धरून ठेवते आणि गंजलेला भाग कापून वर लांबी (पुट्टी) भरून रंग दिलेला असेल तिथून ते घसरते. मागच्या मडगार्डाखाली ते दोनदा घसरले. बॉनेट उघडून त्याने इंजिनावरचा आणि चेसिसवरचा नंबर आरसी बुकाशी ताडून पाहिला, पायाखालचे मॅट उचलून तळाचा पत्रा बोटाने दाबून पाहिला आणि मग तो ड्रायव्हरच्या जागी बसला. डॅशबोर्डावरून त्याची तर्जनी फिरत फिरत स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला थांबली. "ताई, इथं कुणीतरी दोन भोकं पाडलीत," तो म्हणाला.

त्याने हातातल्या तक्त्यात ओळ लिहिली: डॅशबोर्ड, दोन भोके, मूळ नाहीत, वजा १२,०००.

तक्त्यात अशा चार ओळी झाल्या. मूळ धरलेली किंमत ४,२५,०००. तळाच्या पत्र्याचे ४५,०००, नंतर दिलेल्या रंगाचे ३०,०००, मागच्या सीटच्या हिरव्या रेक्झिनचे १८,००० आणि त्या दोन भोकांचे १२,००० वजा जाता हाती ३,२०,०००. हिशेब चोख होता आणि त्या मुलाने तो आदबीने समजावून दिला. पत्र्याचे आणि रंगाचे मला काहीच वाटले नाही, कारण कोल्हापूरच्या पावसात इतकी वर्षे काढलेल्या लोखंडाला गंज धरणारच. भोकांचे बारा हजार मात्र मनात रुतून बसले. परतीच्या गाडीत, सातारा मागे पडेपर्यंत, मी त्याच एका ओळीभोवती फिरत होते.

गाडी १९६७ची आहे, फियाट ११०० डिलाइट. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात तयार झालेली, १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या बाजूच्या दांड्यात चार गिअर, समोर एकसंध लांब सीट आणि दरवाज्याच्या काचेपुढची ती छोटी तिकोनी काच, जी बाहेर वळवली की वाऱ्याचा झोत नेमका तोंडावर येतो. बाबांनी ती १९७१ साली एका गिरणीच्या मॅनेजरकडून घेतली. चार वर्षे वापरलेल्या गाडीला त्यांनी सतरा हजार मोजले होते आणि नव्या गाडीच्या सरकारी किमतीपेक्षा आपण जास्तच दिले हे ते आयुष्यभर सांगत. त्यात त्यांना फसवल्याची भावना नव्हती. त्या काळात मोटारीची किंमत आणि मोटार मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. किंमत सरकार ठरवी आणि नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर गाडी मिळे. त्यामुळे गाडी आज दारात उभी असणे यालाच बाजारात वेगळा भाव होता. डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षांत सायकलवरून व्हिजिटला जाणाऱ्या माणसाला पाच वर्षे थांबणे परवडणारे नव्हते.

तिचा वास मला आजही कुठेही ओळखता येईल. पेट्रोल, तापलेले रबर, सीटमधला काथ्या आणि बाबांच्या बॅगेतल्या स्पिरिटचा तो एकत्र वास होता. थंडीच्या सकाळी चोक ओढून स्टार्टर दिला की इंजिन आधी खोकल्यासारखे करी, मग एकदम लय धरी, आणि आई स्वयंपाकघरातून म्हणे, "निघाले." आम्हा भावंडांना दिवसाचे वेळापत्रक घड्याळापेक्षा त्या आवाजावरून कळत असे.

बाबा गेल्यानंतर गाडी आठ वर्षे उभी आहे. आता घर बिल्डरला द्यायचे ठरले आहे, मार्चअखेर अंगण रिकामे करायचे आहे, आणि दादाच्या पुण्यातल्या सोसायटीत दोनच पार्किंग आहेत. म्हणून किंमत करून घ्यायचे काम माझ्याकडे आले. त्या निमित्ताने गेले काही महिने मी रात्री झोपण्याआधी जुन्या मोटारींच्या जाहिराती पाहत बसते आणि या बाजाराला स्वतःचे एक व्याकरण आहे हे हळूहळू समजू लागले आहे. पन्नासच्या दशकातली, गोलगरगरीत पाठीची, पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडणारी फियाट, जिला आपल्याकडे प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हणतात, ती या कुळात सगळ्यांत मानाची. तिच्यानंतर आमच्यासारख्या साठीतल्या डिलाइट आणि मग त्यांचीच पुढची आवृत्ती, प्रीमियर पद्मिनी. 'सिंगल ओनर', 'मूळ रंग', 'नंबर जुळतात', 'कागद पूर्ण' या शब्दांना जाहिरातीत जो मान आहे तो वेगाला किंवा आरामाला नाही. वापरलेल्या साध्या मोटारीची किंमत दरवर्षी उतरते. मग एक असा तळ येतो की भंगारवाला वजनावर भाव करतो, आणि त्या तळातून जी गाडी कशीबशी वाचते तिची किंमत पुन्हा चढू लागते. ही वाचण्याची वर्षे सर्वांत धोक्याची असतात.

आमच्या गाडीने ती वर्षे पाहिली आहेत. डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि दहाएक वर्षांत फियाट ही सगळ्यांच्या दारातली जड, जुनी, तेल पिणारी वस्तू झाली. गल्लीतल्या तीन फियाट माझ्या डोळ्यांदेखत गेल्या. एकीचे इंजिन काढून नेले, दुसरीचे दरवाजे आणि काचा सुट्या विकल्या गेल्या आणि तिसरी ट्रकमागे दोरीने बांधून ओढत नेली, तेव्हा तिच्या मागच्या काचेवरचा देवीचा स्टिकर वळणापर्यंत दिसत होता. मुंबईत तर पद्मिनी टॅक्सी होती, म्हणून तिला रोजचे काम होते आणि वयाची सरकारी मर्यादाही होती. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदवली गेली होती. तिची वीस वर्षे भरली आणि ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस काळ्या-पिवळ्या फियाटचा मुंबईतला हक्क संपला. त्या दिवसांत वर्तमानपत्रांत छायाचित्रे आली, लोकांनी आठवणी लिहिल्या, एखादी तरी टॅक्सी संग्रहालयात ठेवावी अशी मागणी झाली. एवढ्या हजारोंनी असलेली वस्तू दुर्मिळ होताना आपल्याला दिसत नाही. शेवटची राहिली की मगच तिच्याकडे माना वळतात.

तर ती दोन भोके.

बाबांच्या व्हिजिटा पन्हाळा, गगनबावडा, राधानगरीच्या बाजूला असत. रात्री-अपरात्री कुणीतरी कंदील घेऊन फाट्यावर उभे राही आणि तिथून पुढे पायवाटेने जावे लागे. बॅटरी, म्हणजे टॉर्च, हाताशी हवी, अंधारात सीटखाली चाचपडत बसायला नको, म्हणून त्यांनी तीन सेलच्या बॅटरीसाठी पत्र्याची एक पकड बनवून घेतली आणि ती डॅशबोर्डाच्या लोखंडी पत्र्याला दोन स्क्रूंनी बसवली. भोके पाडताना मी शेजारी बसले होते. हातड्रिलची मूठ ते सावकाश फिरवत होते आणि लोखंडाचा कीस त्यांच्या पांढऱ्या पॅन्टवर पडत होता. "मोजून पाड, दोनदा पाडायला लागू नये," असे ते स्वतःशीच म्हणाले. पुढे कितीतरी वर्षे रात्री दाराबाहेर हाक आली की गाडीचा दरवाजा लागल्याचा आवाज येई आणि पाठोपाठ बॅटरी पकडीत बसल्याचा 'टक्' आवाज. तो ऐकला की मी कूस बदलून झोपत असे.

मागच्या सीटच्या हिरव्या रेक्झिनची हकिगत १९७८च्या जुलैतली आहे. कळे गावाच्या पलीकडच्या एका वाडीतून बाळंतपणाला अडलेल्या बाईला घेऊन बाबा कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाकडे निघाले होते. पाऊस असा की वायपर चालू आहेत की बंद हे कळू नये. बालिंग्याच्या पुलाच्या अलीकडे तिला पुढे नेण्यात अर्थ नाही हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी गाडी एका झाडाखाली घेतली. बॅटरी तिच्या नवऱ्याच्या हातात दिली आणि मुलगा मागच्या सीटवर जन्मला. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. मला रात्र आठवत नाही, सकाळ आठवते. सीट काढून अंगणात ठेवलेली, आई बादलीमागून बादली पाणी ओतते आहे, स्प्रिंगा उघड्या पडल्या आहेत, ओला काथ्या पसरला आहे आणि बाबा ओट्यावर बसून चहा पिता पिता झोपले आहेत. मूळ राखाडी कापड पुन्हा वापरण्यासारखे उरले नव्हते. लक्ष्मीपुरीतल्या सीटवाल्याकडे त्या आठवड्यात हिरवे रेक्झिन होते, म्हणून हिरवे बसले. त्याचेच आता अठरा हजार वजा झाले.

मी त्या तरुणाला यातले काहीच सांगितले नाही. त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्या कामाची शिस्त मला मनापासून आवडली. शेडमध्ये शिरताना त्याने चपला बाहेर काढल्या होत्या आणि इंजिनावरचा कारखान्याचा बिल्ला रुमालाने पुसताना त्याचा चेहरा उजळला होता. मोटार मूळ स्वरूपात राहावी हा आग्रह केवळ हौशी मंडळींचा नाही, कायद्यातही तो आला आहे. केंद्र सरकारने २०२१मध्ये पन्नास वर्षांवरच्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली. तिचे शुल्क २०,००० रुपये असते, ती दहा वर्षे चालते, नंबरपट्टीवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात, अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही, आणि तिच्या चेसिस, बॉडी, इंजिनात फार मोठा बदल झालेला नसावा लागतो. हे सगळे वाजवी आहे. प्रत्येकाने आपल्या सोयीने गाडी बदलत नेली तर १९६७ची फियाट कशी होती हे पन्नास वर्षांनी कुणाला कळणार? तरीही माझ्या मनातला प्रश्न सुटत नव्हता, कारण हा नियम सगळ्यांना सारखा लागू होत नाही हे मला जाहिराती वाचता वाचता आणि लिलावांच्या बातम्या शोधता शोधता दिसू लागले होते.

१९६८च्या 'बुलिट' या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली हिरवी फोर्ड मस्टँग मोटार १९७४ साली न्यू जर्सीतल्या एका कुटुंबाने सुमारे ६,००० डॉलरला घेतली. घरातली बाई शाळेत शिकवायला जाताना तीच गाडी नेई. मॅक्वीनने पत्र लिहून ती परत मागितली, पण कुटुंबाने ती दिली नाही. पुढे ती कित्येक वर्षे नुसती उभी राहिली आणि जानेवारी २०२०मध्ये फ्लोरिडातल्या लिलावात तिला ३४ लाख डॉलरची बोली लागली, शुल्क धरून ३७ लाखांच्या वर. रंग उडालेला, पत्र्यावर पोचे, आणि चित्रीकरणाच्या वेळी कॅमेरे बसवण्यासाठी अंगाला केलेली जोडकामे तशीच. त्या मोटारीची किंमत करणाऱ्यांनी या जोडकामांचे पैसे वजा केले नाहीत. त्यांच्याच आधारे तर ही तीच गाडी हे पटले. कुणी ती घासूनपुसून कारखान्यातून निघाल्यासारखी केली असती, तर तिच्यात आणि त्या वर्षीच्या दुसऱ्या कुठल्याही मस्टँगमध्ये काय फरक राहिला असता?

मे २०२२मध्ये जगातल्या सर्वांत महाग मोटारीचा लिलाव जर्मनीत स्टुटगार्टला झाला. मर्सिडीजची ३०० एसएलआर कूपे, १९५५ची, एकूण दोनच बनवलेल्या, किंमत साडेतेरा कोटी युरो. शर्यतीसाठी तयार केलेली ही मोटार शर्यतीत कधी उतरलीच नाही. तिचा निर्माता अभियंता रुडॉल्फ उलेनहाउट ती स्वतःच्या फिरण्यासाठी वापरत असे, आणि आज ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. हे वाचताना मी बराच वेळ थांबले. एका माणसाने मोटार बनवली, कामावर जाता-येता वापरलीही, म्हणून त्याचे नाव तिला लागले आणि त्या नावाने तिचे मोल वाढले. बाबांनीही कामावर जाता-येताच वापरली होती.

आपल्याकडचे उदाहरण तर फियाटचेच आहे. लालबहादूर शास्त्रींनी पंतप्रधान असताना १९६४चे मॉडेल घेतले. किंमत बारा हजार, जवळ सात, म्हणून पंजाब नॅशनल बँकेकडून पाच हजारांचे कर्ज. ते फिटायच्या आतच ताश्कंदला त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या पत्नी ललिताबाईंनी ते पुढे निवृत्तिवेतनातून फेडले. दिल्लीतल्या त्यांच्या स्मारकात ती गाडी आजही उभी आहे. तिच्या सीटचे कापड कधी बदलले होते का, हे तिथे कुणी विचारत नसणार. आणि आमच्या कोल्हापुरात दसऱ्याच्या सीमोल्लंघनाला छत्रपतींची मेबॅक मोटार निघते तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा उभ्या असलेल्या हजारो माणसांपैकी एकाच्याही मनात तिच्या बाजारभावाचा विचार येत नाही. लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून मी ती पाहिली आहे. ती हळू येते, तिचा आवाज आधी पोचतो, आणि लोक नमस्कार करतात. ज्या कामासाठी आपण तिला ओळखतो ते काम ती अजून करते आहे, आणि मला वाटते तिच्याभोवतीचा तो आदर त्यातून येतो.

म्हणजे बाजाराला हाताच्या खुणा नकोत असे मुळीच नाही. त्याला ओळखीच्या हातांच्या खुणा हव्या असतात. नटाने, अभियंत्याने, पंतप्रधानाने केलेला ओरखडा हा इतिहास ठरतो आणि कळ्याच्या रस्त्यावर पावसात थांबलेल्या डॉक्टरने पाडलेले भोक हा दोष. हे समजल्यावर मला वाईट वाटले, पण त्याचबरोबर एक गोष्ट मान्यही करावी लागली की, घेणारा माणूस बाबांना ओळखत नाही. त्याने त्या भोकांत काय पाहायचे? त्याला तिथे रिकामे भोकच दिसणार. बाजार खोटे बोलत नाही, त्याला जेवढे सांगितले आहे तेवढ्याचीच तो किंमत करतो, आणि आम्ही त्याला काही सांगितलेच नव्हते.

मी त्या तरुणाला फोन केला आणि दोन्ही हकिगती सांगितल्या. तो मधे एकदाही बोलला नाही. मग म्हणाला, "ताई, याचा काही कागद आहे का? जुना फोटो, व्हिजिटची वही, गॅरेजची बिलं, काहीही. घेणाऱ्यापुढे ठेवता आलं पाहिजे." कागद नव्हता. बाबांच्या व्हिजिटच्या वह्या २०१९च्या पुरात, माळ्यावरून खाली आणून ठेवलेल्या खोलीतच पाणी शिरले तेव्हा लगदा झाल्या. ज्या मिस्त्रींनी वीस वर्षे गाडीचे इंजिन सांभाळले ते आहेत, पण ऐंशीच्या पुढचे. त्यांना भेटायला गेले तर त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "डॉक्टरांच्या गाडीला कागद कशाला पायजे? कळ्यात जाऊन इचारा की." मी खरोखरच गेले. वाडी सापडली, घर सापडले, त्या बाई आता नाहीत. जुलै १९७८मध्ये जन्मलेला मुलगा मुंबईला असतो असे त्याच्या चुलतभावाने सांगितले. चुलतभावालाही फियाटची गोष्ट माहीत होती. "आमच्याकडं त्याला लहानपणी 'मोटार' म्हणूनच हाक मारायचे," तो म्हणाला. मी ते वहीत लिहून घेतले, आणि घेणाऱ्यासाठी मागितलेल्या दोन पानांच्या माहितीत, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर यांच्या खाली, जसेच्या तसे उतरवले.

तरुणाने ती पाने वाचली. किंमत बदलणार नाही, हे त्याने स्पष्ट सांगितले आणि त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मला बरे वाटले. पाने गाडीच्या कागदपत्रांच्या फाइलीत राहतील एवढे मात्र तो म्हणाला. "पण भोकं बुजवू नका असं मी कुणाला सांगू शकत नाही, ताई. गाडी त्यांची झाली की त्यांची."

गेल्या रविवारी घरातली शेवटची कपाटे रिकामी करताना, बाबांच्या टेबलाच्या खालच्या खणात, एका जुन्या इंजेक्शनच्या डब्यात ती पत्र्याची पकड सापडली. दोन्ही स्क्रू तिच्यासोबत कागदात गुंडाळून ठेवलेले होते आणि कागदावर बाबांच्या अक्षरात लिहिले होते, 'गाडी, बॅटरी.' मी स्क्रूड्रायव्हर घेऊन शेडमध्ये गेले, ताडपत्री अर्धी वर केली आणि ड्रायव्हरच्या जागी बसले. पहिला स्क्रू भोकात धरला तेव्हा तो गंजाने अडेल असे वाटले होते. तो न अडता फिरत आत गेला. आटे अजून शाबूत होते.